देवडीतले हात

आमच्या गावच्या वेशीत हल्ली भिंत बांगड्या भरते. शनिवार-रविवारी लोणावळ्याला निघालेली मंडळी हायवे सोडून मुद्दाम आत वळतात, वेशीत उभी राहतात आणि हात पुढे करतात. समोरच्या भिंतीवर त्यांच्या हाताची सावली उमटते. मग कुठूनतरी उजेडाचे दोन म्हातारे हात येतात, त्या सावलीचं बोट न् बोट चाचपतात आणि मनगटावर एकेक बांगडी चढवतात. पोरी किंचाळतात, नवरे मोबाईल उंच धरतात. सगळं चहा गार व्हायच्या आत उरकतं आणि गाडी पुढे चिक्की घ्यायला जाते.

ते हात दस्तूभाऊंचे आहेत. तिथल्या पाटीवर तसं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहून ठेवते आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. लिहिलं तर आणखी चार गाड्या वळतील, आणि आत्ताच लोक माझ्या दारात गाडी लावून मलाच विचारतात, "मावशी, इथे वॉशरूम कुठे आहे?"

माझं फॉल-पिकोचं दुकान वेशीच्या अगदी समोर. लग्न होऊन तळेगावहून इथे आले, सासूबाईंनी शिलाई मशीन दिलं आणि तोंड वेशीकडे करून बसवलं, तेव्हापासून मी हेच बघते आहे. वेस काळ्या दगडाची, जुन्या घाटरस्त्यावरची. कमानीखालून बैलगाडी आरामात जाईल एवढी वाट, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना देवड्या, म्हणजे पूर्वी पहारेकरी बसायचे ते भिंतीतले ओटे. आत भर दुपारीसुद्धा अंधार असतो. डावीकडच्या देवडीत कुत्री झोपायची. उजवीकडच्या देवडीत दस्तूभाऊ बसायचे, त्यांच्याआधी त्यांचे वडील बसायचे आणि त्यांच्याआधी आजोबा.

दस्तगीर त्यांचं नाव, आणि मणेर हा त्यांचा धंदा आणि आडनावही. मणेर म्हणजे बांगड्या भरणारे. उंच, वाळकुडा माणूस, पांढरी आखूड दाढी, खांद्यावर पंचा. बघण्यासारखे होते ते त्यांचे हात. बोटं लांब, नखं कायम कापलेली, तळवे बाईमाणसाच्या तळव्यांपेक्षा मऊ. रोज सकाळी ते हातांना खोबरेल तेल चोळायचे. लाकडं फोडणं, पाणी ओढणं असल्या कामांना त्यांनी जन्मात हात लावला नाही. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांचं हात परक्या बायकांसाठी राखल्यात." बिचारी हसत हसत म्हणायची, पण म्हणायची.

बाई समोर बसली की ते आधी डावा हात घेत. अंगठ्याखालचा उंचवटा दोन बोटांनी दाबत आणि बांगड्यांच्या ओवलेल्या दोऱ्यांतली एक दोरी न बघता ओढत. मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "हात माझ्याकडं, ध्यान रस्त्याकडं." बांगडी चढताना बाई हाताकडे बघत बसली की हात आखडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते गप्पा सुरू करत, कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाची सून रुसून गेली, आणि "हात सोड गं, हात सोड" म्हणता म्हणता हाताची बोटं जुळवून, कापसासारखी दाबून, डझनभर काच मनगटात घालून मोकळे होत. बांगडी फुटली असं त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. "वाढवली म्हन," असं लगेच दटावायचे. धातूच्या बांगड्यांना ते कड्या म्हणत, दाराला असतात तशा. माझ्या जावेने एकदा लोणावळ्याहून तसल्या सोनेरी बांगड्या घालून त्यांच्यासमोरून मिरवलं, तर म्हणाले, "ये बाई, ये. कुलूप कुटं लावलंस?"

आणि एक सवय. गावातल्या कुठल्याही बाईला ते तिच्या सासरच्या नावाने हाक मारत नसत. लग्नाच्या चुड्यासाठी ते नवरीच्या माहेरी जात असत, त्यामुळे अर्ध्या मावळातल्या बायकांची माहेरं त्यांना तोंडपाठ. "काय गं भाज्याची, लय दिसानं आलीस?" "कार्ल्याची, बाप बरा हाय का तुजा?" मी त्यांना कायम तळेगावची. या गावात मी आधी सूनबाई होते, मग पप्पूची आई झाले, आता येणाऱ्या-जाणाऱ्याची मावशी आहे. मी कुठून आले हे लक्षात ठेवणारा एवढा एकच माणूस होता.

आमच्या गल्लीतल्या एका पोरीच्या लग्नातली गोष्ट. चुडा भरायला दस्तूभाऊ आले, घरभर बायका, पोरगी खाली मान घालून पाटावर. त्यांनी हात घेतला, दाबला, "सोड" म्हणाले. हात सुटेना. त्यांनी म्हशीची गोष्ट सांगितली, सुनेची सांगितली, हात तसाच लाकडाचा. मग त्यांनी बांगड्या खाली ठेवल्या, पोरीच्या बापाला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "भाऊ, पोरगी हात सोडंना. घट्ट हातात मी भरत न्हाई. जरा इचारा तिला."

बाप भडकला. बांगड्या भरायला आलात, बांगड्या भरा, म्हणाला. दस्तूभाऊंनी गाठोडं बांधलं आणि चहाही न घेता निघून आले. लग्न झालंच. चुडा लोणावळ्याहून आणला, धातूचा, हात न सोडताही चढणारा. वर्षाच्या आत ती पोरगी माहेरी परत आली आणि अजून तिथेच आहे. ती वेशीतून जाताना दस्तूभाऊ एवढंच म्हणायचे, "ये की, बस घटकाभर."

आणखी एक गोष्ट मला कळायलाच बरीच वर्षं लागली. रविवारी आमच्याकडे बाजार भरतो. आंदर मावळातल्या बायका टोपल्या घेऊन येतात आणि वेशीतूनच आत शिरतात, दुसरी वाट नाही. त्यांच्यात नवरा गेलेल्याही असतात. बांगडीवाल्यासमोरून जाताना त्या बायका पदर हातांवर ओढून घ्यायच्या, मोकळी मनगटं दिसू नयेत म्हणून. मी मशीनवरून बघायची, की बरोबर त्याच वेळी दस्तूभाऊ पाठ करून दोऱ्या आवरत असत. मला वाटायचं, विक्षिप्त माणूस, ऐन बाजाराच्या गर्दीत आवराआवर काढतो. एकदा विचारलंच. तर म्हणाले, "मी खाली बघितलं की त्यांना पदर वढावा लागत न्हाई. डोईवर टोपली, एक हात टोपलीला, एक पदराला, पडंल की एकादी." एवढं बोलून त्यांनी चहा बशीत ओतला. त्यानंतर मी ते बघायची सवय लावून घेतली. लांबून टोपली दिसली की दस्तूभाऊंची मान खाली.

तर अशा माणसाकडे मृण्मयी आली.

मुलगी वाईट नव्हती, हे आधीच सांगते. पुण्याची, केस बारीक कापलेले, पायात जाड बूट, बोलणं गोड. जुन्या सार्वजनिक जागांमध्ये डिजिटल कला मांडणाऱ्या कुठल्याशा गटाची ती प्रमुख. आमची वेस तिला म्हणे एका ट्रेकवरून परतताना सापडली. म्हणजे आम्ही इतकी वर्षं इथे राहत होतो, पण सापडली तिला. गावचे पुढारी नाना यांना तिने लॅपटॉपवर कुठल्या कुठल्या देशातल्या भिंती दाखवल्या. माणूस हलला की भिंत हलते, माणूस बोलला की भिंत बोलते. नानांना त्यातलं किती कळलं देव जाणे. पण शनिवार-रविवारी गाड्या थांबतील एवढं कळलं आणि त्यांनी मान डोलावली.

दस्तूभाऊंना मात्र ती मुलगी आवडली. तासन्‌तास त्यांच्या देवडीत मांडी घालून बसायची, एकेका बांगडीचं नाव विचारायची. त्यांच्याजवळ कुणी एवढं बसलंच नव्हतं कधी. बायका बसायच्या त्या हात भरेपर्यंत.

"काका, भिंत तुम्हाला ओळखेल," ती म्हणाली.

"मला वळखायला भित कशाला लागती? गाव वळखतंय की," ते म्हणाले, आणि दोघंही हसले.

त्यांनी एकच गोष्ट पक्की करून घेतली. "माझी देवडी?"

"तुमचीच. तुम्ही इथेच बसणार. तुमच्याशिवाय याला अर्थच नाही." ती हे मनापासून म्हणाली होती. मी समोर होते, मला ते दिसलं.

हातांचं चित्रण करायचं ठरलं तेव्हा भरून घेणारा हात माझा घेतला, मी समोरच होते म्हणून. वेशीत दिवे, कॅमेरे, वायरींचा गुंता. मृण्मयी म्हणाली, "काका, बांगड्या नकोत. नुसती ॲक्शन करा. बांगड्या आम्ही नंतर कॉम्प्युटरवर घालू."

दस्तूभाऊंनी माझा हात हातात घेतला होता तो खाली ठेवला. "मोकळ्या हातानं सवाशिणीच्या हातावर काय भरू? हवा?"

तिला कळेना. मी सांगितलं की असं करत नाहीत, ते अशुभ मानतात. तिने बरोबरच्या पोरांशी इंग्रजीत चर्चा केली आणि "ठीक आहे, खऱ्या भरा" म्हणाली. कुठल्या ते तिने सांगितलं नाही. तिच्या दृष्टीने सगळ्या बांगड्या सारख्याच. पण दस्तूभाऊंच्या दृष्टीने हे त्या भिंतीचं पहिलं भरणं होतं, आणि पहिलं भरणं हिरव्या चुड्याचं. त्यांनी मला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. नवरीला भरतात तसा पुरता चुडा भरला, वरची एक जास्तीची घातली आणि नेहमीप्रमाणे आशीर्वाद दिला, "भरल्या हातानं ऱ्हा, तळेगावची." माझा नवरा समोरून ओरडला, "आता परत वरात काढायची का?" सगळे हसले. मीही हसले. पन्नाशीला टेकलेल्या बाईला कुणी नवरीचा चुडा भरला तर बरंच वाटतं.

दिवे विझल्यावर दस्तूभाऊंनी एक प्रश्न विचारला. "एकादीला नको असंल तर भित काय करील?"

"काका, हात पुढे केला म्हणजे हवंच असणार ना?"

"वाट हाय ही, बाई. जाता-येता हात पुढं होतोच."

"बघू आपण ते," ती म्हणाली, आणि वायरी गुंडाळायला लागली. पुन्हा तो विषय निघाला नाही. आणि खरं सांगायचं तर दस्तूभाऊंनीही काढला नाही, कारण भिंत चालू झाली आणि त्यांना तिची भुरळ पडली. स्वतःचे हात भिंतीवर माणसाएवढे मोठे दिसले, त्यांवरच्या सुरकुत्यांसकट, तेव्हा ते लहान मुलासारखे टक लावून बघत राहिले. मग नातेवाईक बोलावून आणले. कामशेतची लेक आली, जावई आला, वडगावचा मेहुणा आला. "मी नसलो तरी भरंल ही," असं ते प्रत्येकाला सांगत. तेवढी हौस त्यांनी केली. कुणाला वाटत नाही?

उद्घाटनाला नानांनी फीत कापली. दस्तूभाऊंना चकचकीत जाकीट घालून देवडीत बसवलं होतं. पाहुणे त्यांच्याबरोबर फोटो काढत होते. सकाळीच एक अडचण निघाली होती. खऱ्या बांगड्या किणकिणल्या की भिंत गोंधळायची, त्या आवाजाला कुणाचा तरी हात समजायची आणि रिकाम्या जागेत बांगड्या भरत सुटायची. म्हणून मृण्मयीने त्यांच्या दोऱ्यांवर चादर घालायला सांगितली. "फक्त आजच्या दिवस, काका." पण आजच्या दिवसाचे पुढे सगळेच शनिवार-रविवार झाले. म्हणजे बाजाराच्या दिवशी, जेव्हा गिऱ्हाईक यायचं, तेव्हाच मणेर जाकीट घालून चादर घातलेल्या बांगड्यांसमोर बसलेला. बायका यायच्या, भिंतीकडे बघायच्या, चादरीकडे बघायच्या आणि पुढे जायच्या. मी म्हटलं, "काढा ती चादर." तर म्हणाले, "नको गं. पोरीनं लय राबून केलंय."

गावातल्या पोरांनी एकदा बकरी आणून तिचा पाय भिंतीपुढे धरला. भिंतीने बकरीला हिरवा चुडा भरला आणि "भरल्या हातानं ऱ्हा" असा आशीर्वादही दिला. माझं नाव, म्हणजे ते तळेगावची, त्यांनी कापून टाकलं होतं. नाना पोट धरून हसले. तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत.

आणि मग तो रविवार आला. वेशीत पर्यटकांची ही गर्दी. सगुणामावशी टोपली घेऊन बाजाराला निघाली होती. आंदर मावळातली ही बाई, नवरा तरुणपणीच गेला, वालाच्या शेंगा आणि रानभाजी विकून पोरं मोठी केली. मी तिला लांबून बघितलं आणि सवयीने देवडीकडे बघितलं. दस्तूभाऊंची मान खाली गेली होती. जाकीट, चादर आणि खाली घातलेली मान. सगुणामावशीने पदर हातावर ओढला. तेवढ्यात मोबाईलवाल्या एका पोराचा तिला धक्का लागला, टोपली कलंडली, आणि ती सावरायला तिने दोन्ही हात वर केले.

भिंत उजळली. तिची सावली पडली, टोपलीसकट. ते दोन हात आले आणि त्यांनी तिची मनगटं घेतली. "हात सोड गं, हात सोड," दस्तूभाऊंचा आवाज कमानीत घुमला. हिरवी, मग आणखी हिरवी, असा पुरता चुडा दोन्ही हातांत चढला. वरची एक जास्तीचीही चढली. "भरल्या हातानं ऱ्हा." ती हात खाली घेऊ शकत नव्हती, डोईवर टोपली. पर्यटकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग, गावची बाई, पारंपरिक पोशाख. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "वन्स मोअर" म्हणालं.

दस्तूभाऊ देवडीतून खाली उतरले ते पंचा घेऊन. त्यांनी तो पंचा भिंतीवरच्या उजेडापुढे धरला, दोन्ही हात ताणून. उजेड पंचावर पडला आणि बांगड्या तिथे दिसायला लागल्या. एवढंच झालं. लोक त्यालाही हसले.

संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ सगळ्या मोबाईलवर पोचला होता. सगुणामावशीचा पुतण्या चार पोरं घेऊन आला आणि चावडीसमोर बैठक बसली. "आमच्या चुलतीला भर बाजारात मणेरानं चुडा भरला," असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, त्यांनी कुठे भरला, भिंतीने भरला. "आवाज कुनाचा? हात कुनाचं?" पुतण्याने विचारलं. मग मागून एकजण म्हणाला, "त्यांना आपल्या चालीरीती काय कळणार?"

हे म्हणाला कोण, तर ज्याच्या आईचा, बायकोचा आणि सुनेचा चुडा दस्तूभाऊंनीच भरला होता. मी आजवर पुष्कळ वाईट बोलणं ऐकलं आहे, पण "आपल्या" या साध्या शब्दाची एवढी चीड मला कधी आली नव्हती. चीड अजून गेलेली नाही आणि जावी असं मला वाटतही नाही.

दस्तूभाऊ पायरीवर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "सगुणाला इचारलं का? हात तिचा हाय. तिला इचारा."

तिला कुणी विचारलं नव्हतं. ती बैठकीत नव्हतीच. ती संध्याकाळी माझ्या दुकानात पाणी प्यायला टेकली होती, तेव्हा मला म्हणाली होती, "बाई, घटकाभर हात भरल्यालं दिसलं. त्याचं मला वंगाळ न्हाई वाटलं. पयला चुडा दस्तूभाऊनंच भरलावता. वंगाळ वाटलं ती टाळ्यांचं." मी हे जसंच्या तसं बैठकीत सांगितलं. नाना म्हणाले, "बायकांचं बायकांत राहू द्या, वहिनी," आणि पुतण्या म्हणाला, तिला काय कळतंय.

निकाल लागला तो असा. भिंत राहणार, कारण गाड्या थांबत होत्या आणि नानांच्या मेहुण्याने वेशीबाहेर वडापावची गाडी टाकली होती. दस्तूभाऊंनी मात्र देवडीत बसायचं नाही. गावात शांतता हवी. कुणी वाद घातला नाही, त्यांनीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोऱ्या गाठोड्यात बांधल्या, देवडी झाडली आणि पायरीला हात लावून ते उतरले. तेव्हा रस्त्यावर मी आणि कुत्री होतो.

मृण्मयी धावत आली, हे खरं. तिचे डोळे भरले होते, हेही खरं. नानांशी बराच वेळ बोलली. मग भिंतीतला आवाज बदलला. आता कुणा शहरातल्या बाईचा आवाज "मावळात आपलं स्वागत आहे" म्हणतो. हिरव्या बांगड्यांऐवजी निळ्या-जांभळ्या आल्या, कुणाच्याच रीतीत न बसणाऱ्या. हात मात्र तेच ठेवले, कारण नवीन करायला म्हणे फार काम पडतं. ती मला म्हणाली, "तसे हात कुणाला ओळखू येणार नाहीत ना?"

"ज्यांना भरलेत त्यांना येतात," मी म्हटलं. 

उजवीकडच्या देवडीला आता काच आहे. आत एक गादी, बांगड्यांच्या दोन दोऱ्या आणि पितळी दिवा मांडला आहे. दिवा त्यांचा नव्हे, कुठून आणला माहीत नाही. बाहेर पाटी आहे, 'स्पर्श करू नये'.

दस्तूभाऊंनी एसटी थांब्यामागे फळकूट टाकून बसून बघितलं. पण आंदर मावळाच्या जीपगाड्या वेशीबाहेरच, पण थांब्याच्या उलट्या अंगाला थांबतात. ज्या बायकांना ते माहेरच्या नावाने हाक मारायचे त्या तिकडे फिरकल्या नाहीत. काही वाट वाकडी पडते म्हणून, काही घरच्या पुरुषांनी नको म्हटलं म्हणून. मी गेले दोन-तीनदा. त्यांनी हात घेतला, दाबला, पण गप्पा काढल्या नाहीत. हात सोड असंही म्हणाले नाहीत. माझ्या हातात त्यांच्याकडून बांगडी वाढवली गेली, पहिल्यांदाच. त्यांनी तुकडे एकेक करून वेचले.

पुढे कामशेतच्या लेकीने त्यांना तिच्याकडे नेलं. तिथेच ते गेले. बातमी आली तो शनिवार होता. वेशीत कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, आणि ते हात एका मुलाच्या मनगटात जांभळ्या बांगड्या चढवत होते. मी नानांकडे गेले आणि आजचा दिवस ती भिंत बंद ठेवा म्हटलं. नाना म्हणाले, त्याची किल्ली पुण्याला असते.

पण मला आठवतात ते दस्तूभाऊ त्याच्याही आधीचे, कामशेतला निघाले त्या दिवशीचे. त्यांचं घर वेशीच्या आत, एसटी थांबा बाहेर. दुसरी वाट नाही. दुपारची वेळ, तरी चार पर्यटक होतेच. लेक पुढे पिशव्या घेऊन चालली होती. मागून दस्तूभाऊ आले, इस्त्रीचा सदरा, नवीन टोपी. कमानीच्या तोंडाशी ते थांबले. भिंतीकडे बघितलं, देवडीच्या काचेकडे बघितलं. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, दोन्ही हात पोटाशी घेतले आणि पंचा मनगटावरून नीट ओढून घेतला, बोटांची टोकंही दिसणार नाहीत असा.

भिंत काळीच राहिली. ते वेशीतून चालत माझ्या बाजूला आले. मला माहीत होतं अशा वेळी काय करायचं असतं. मी मान खाली घातली आणि ते रस्ता ओलांडून जाईपर्यंत मशीनवरच्या साडीकडे बघत राहिले.